व्होगेलचं कर्ज, न्यूझीलंडची रेल्वे आणि चहा-साखरेवरची जकात

दक्षिणवारा

२८ जून १८७० रोजी वेलिंग्टनच्या संसदेत ज्युलियस व्होगेल या पस्तीस वर्षांच्या खजिनदाराने न्यूझीलंड वसाहतीचं अंदाजपत्रक मांडलं. सभागृहात बसलेल्यांना आपण नेमकं काय ऐकतोय हे पटकन उमगेना. लंडनच्या बाजारातून दहा वर्षांत सुमारे एक कोटी पौंड कर्ज उचलायचं आणि त्यातून रेल्वे, रस्ते, पूल, तारायंत्रं, सोन्याच्या खाणींसाठी पाण्याचे पाट बांधायचे, शिवाय ब्रिटन-युरोपातून माणसं आणून वसवायची, अशी ती योजना होती. तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या होती जेमतेम अडीच लाख. म्हणजे बायकापोरं धरून माणशी चाळीस पौंडांचं कर्ज.

काळही अडचणीचा होता. दक्षिणेकडच्या ओटागो प्रांतातल्या सोन्याचा बहर ओसरला होता. लोकरीचे भाव पडलेले होते. माओरी या इथल्या मूळ रहिवाशांशी चाललेल्या युद्धांनी तिजोरी रिकामी केली होती आणि इंग्लंडने आपली शेवटची पलटण त्याच वर्षी परत नेली होती. अशा वेळी बहुतेक खजिनदार खर्चाला कात्री लावतात. व्होगेल नेमकं उलट बोलला: उत्पन्न नाही म्हणून बांधकाम थांबवलंत तर उत्पन्न कधीच वाढणार नाही.

मी डनेडिनला राहते. इथल्या वसाहत संग्रहालयात त्या योजनेच्या सुरुवातीच्या दिवसांतलं ‘जोसेफिन’ नावाचं इंजिन काचेच्या दालनात उभं आहे. त्याला दोन धुराडी, दोन्हीकडे तोंड आणि मधोमध ड्रायव्हरची जागा. दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडावीत तसं दिसतं. १८७२ मध्ये जहाजातून ते इथे आलं आणि डनेडिन ते पोर्ट चाल्मर्स या मार्गावर धावलं. हे इंजिन बघून मी व्होगेलच्या मागे लागले आणि त्याच्या अंदाजपत्रकापर्यंत पोचले.

त्यातून माझं जे मत झालं ते सरळ मांडते. कर्ज काढणं ही चूक नव्हती. सरकारी पैशाने रूळ पडले की दोन्ही बाजूंच्या जमिनीचे भाव चढत, आणि त्या वाढीतला जवळजवळ काहीच हिस्सा सरकारकडे परत आला नाही, घात तिथे झाला. व्होगेलच्या मूळ योजनेत यावर तोड होती. रेल्वेसाठी सरकारी जमीन राखून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून खर्च भागवायचा. कायदा होईपर्यंत ती तोड गळाली. कर्ज राहिलं, परतफेडीची सोय गेली.

ती कुणी गाळली? प्रांतांनी. तेव्हा देशात प्रांतिक सरकारं होती आणि १८५६ च्या तडजोडीप्रमाणे जमीन विक्रीचं उत्पन्न त्यांच्याकडे जाई. केंद्राच्या हाती मुख्यतः आयात जकात. म्हणजे रेल्वे बांधणार केंद्र, कर्ज केंद्राच्या नावावर, आणि रेल्वेमुळे महाग झालेली जमीन विकणार प्रांत. त्या रचनेत हिशेब जुळणं शक्यच नव्हतं.

जाणकारांनी भर घालावी.

रूळमित्र

उत्तम विषय. प्रांतांच्या हातात रेल्वे होती तेव्हा काय झालं तेही नोंदवतो, कारण व्होगेलची योजना त्यातूनच समजते.

१८७० मध्ये सगळ्या देशात मिळून अवघे ७४ किलोमीटर लोहमार्ग होते, तेही वेगवेगळ्या रुंदीचे. कँटरबरीने १८६३ मध्ये फेरीमीडची पहिली रेल्वे टाकली ती पाच फूट तीन इंच गेजची. दक्षिणेला साउथलंडने घेतलं चार फूट साडेआठ इंच. साउथलंड १८६१ मध्ये ओटागोपासून फुटून निघालेला छोटासा प्रांत. त्यांनी इन्व्हरकार्गिलहून उत्तरेकडे एक रेल्वे चक्क लाकडी रुळांवर बांधली, १८६४ साली. लोखंडापेक्षा स्वस्त पडेल हा हिशेब. इन्व्हरकार्गिलच्या पावसात ओल्या लाकडावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहत. रेल्वेच्या कर्जापायी प्रांताचं दिवाळं निघालं आणि १८७० मध्येच साउथलंड मुकाट्याने पुन्हा ओटागोत विलीन झाला.

व्होगेलच्या वेळी सगळीकडे साडेतीन फुटी गेज ठरलं. अरुंद गेज म्हणजे वळणं आवळता येतात, बोगदे-पूल लहान लागतात, मैलाला खर्च कमी. त्या पैशात जास्त लांबीचं जाळं झालं. १८८० पर्यंत १,८०० किलोमीटरहून अधिक मार्ग उभा होता. दहा वर्षांत ७४ वरून १,८००! क्राइस्टचर्च-डनेडिन सलग गाडी ६ सप्टेंबर १८७८ ला सुरू झाली. ज्या काळात डोंगर आणि विनापूल नद्या यांच्यामुळे दोन शहरांतला व्यवहार बोटीने चाले, त्या काळात हे काम किती मोठं होतं ते लक्षात घ्या.

त्यामुळे टीका करताना एवढं मान्य करूया की बांधकाम झालं. पैसा कागदावर जिरला नाही.

बांधकामवाला

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. दक्षिणवारा ताईंनी जमिनीचा मुद्दा मांडला तो बरोबर, पण मला त्याआधी लेखाशीर्षाकडे बघावंसं वाटतं.

व्होगेलच्या व्यवस्थेत कर्जाऊ पैशाचा बांधकाम निधी वेगळा आणि रोजच्या कारभाराचा एकत्रित निधी वेगळा. ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण व्याज कुठून जायचं? रोजच्या निधीतून. आणि त्या निधीत येत काय होतं? जकात. चहा, साखर, तंबाखू, दारू, कापड यांच्यावरची. म्हणजे स्टेशनजवळ दहा हजार एकर बाळगणारा मेंढपाळ जमीनदार आणि त्याच्याकडे लोकर कातरायला येणारा मजूर हे दोघं व्याजाचा भार चहाच्या पुड्यागणिक सारखाच उचलत होते. फायदा मात्र दोघांचा सारखा नव्हता.

दुसरं. बांधकामाचा निधी वेगळा ठेवला की संसदेतल्या प्रत्येकाला तो आपल्या गावासाठी मोकळा वाटतो. रोजच्या निधीतून पैसा मागायचा तर कर वाढवावा लागतो, लोक विचारतात. कर्जाच्या पैशाला आज कुणी विचारत नाही. तू माझ्या फाट्याला मत दे, मी तुझ्या पुलाला देतो. न्यूझीलंडमध्ये हेच झालं. मुख्य मार्ग अपुरा असताना फाटे फुटत गेले. १८८० मध्ये रेल्वेची चौकशी करायला आयोग नेमावा लागला आणि त्याने अनेक मार्ग वेळेआधी हाती घेतले गेल्याचं सांगून काही कामं थांबवायला सांगितलं.

माझ्या नोकरीत हेच बघितलं आहे. अर्थसंकल्पात शंभर कामं घ्यायची, प्रत्येकाला टोकन तरतूद टाकायची, नारळ फोडायचे. मग ठेकेदार बिलासाठी खेटे घालतो, मार्चअखेरीला थोडं वाटप होतं, काम पुढच्या वर्षावर आणि वाढीव दराने. एका पुलाचे खांब उभे राहून वर्षानुवर्षं वरच्या गाळ्याची वाट बघत होते आणि गावकरी पावसाळ्यात त्याच खांबांच्या शेजारून छातीएवढ्या पाण्यातून जात होते. त्या जागी मी मोजमाप पुस्तिका भरली आहे. दहा अर्धवट कामांपेक्षा तीन पुरी कामं केलेली बरी, हे मी प्रत्येक बैठकीत बोललो.

घाटमाथा

काका, अर्धवट कामांबद्दल पूर्ण सहमत. पण कर्जाच्या निकालाबद्दल नाही.

व्होगेलवर टीका करणारे १८७९ नंतरची मंदी त्याच्या खात्यावर टाकतात. ऑक्टोबर १८७८ मध्ये ग्लासगोची एक बडी बँक बुडाली, लंडनमधलं भांडवल आखडलं, लोकर आणि गव्हाचे भाव घसरले. हे व्होगेलने केलं नाही. मंदी जगभर होती.

आणि पुढचं बघा. १८८२ च्या फेब्रुवारीत पोर्ट चाल्मर्सहून ‘डनेडिन’ नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि तीनेक महिन्यांनी लंडनला ते मांस खाण्यालायक अवस्थेत पोचलं. तिथून न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेचं रूप बदललं. मांस, लोणी, चीज. आता सांगा, गुरं-मेंढ्या बंदरापर्यंत कशाने आल्या असत्या? रेल्वे आधीच तयार होती. १८७० मध्ये कुणालाही शीतपेटीचं जहाज दिसत नव्हतं, तरी पायाभूत सोय झालेली होती म्हणून संधी पकडता आली. वसाहत वाढायला लागली की खर्च आधी आणि उत्पन्न नंतर, हा क्रम टळत नाही.

दहा वर्षांत लाखभर माणसं सरकारी मदतीने आली. गोऱ्यांची वस्ती दुपटीच्या जवळ पोचली. कर्जही ठरल्याच्या दुप्पट, दोन कोटींच्या घरात गेलं हे खरं. पण ते फेडणारी डोकीही वाढली.

दक्षिणवारा

घाटमाथा, रेल्वे नको होती असं माझं म्हणणं नाहीच. पण तुम्ही म्हणता ती ‘फेडणारी डोकी’ १८८० च्या दशकात काय करत होती? बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला जात होती. १८८८ मध्ये तर येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त. जे मागे राहिले त्यांच्यावर व्याज तेवढंच. तरुण मजूर निघून जातो, जमीन जागेवरच राहते. म्हणून तर कर्जाला तारण जमिनीचं हवं, माणसाचं नव्हे.

व्होगेलला हे कळत होतं. १८७४ मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी जंगलांच्या निमित्ताने. प्रत्येक प्रांताने आपल्या जमिनीतला तीन टक्के भाग सरकारी जंगलासाठी द्यायचा, आणि त्या जंगलाचं उत्पन्न रेल्वेच्या कर्जाकडे वळवायचं. प्रांतांनी जमीन द्यायला नकार दिला. कायदा झाला तो जमिनीशिवाय. त्यानंतर मात्र व्होगेलने प्रांतच मोडीत काढायचं मनावर घेतलं आणि १८७६ मध्ये प्रांत गेले. रेल्वेच्या हिशेबातून देशाची राज्यरचना बदलली! मला या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं.

(जाता जाता: त्या जंगल खात्याचा पहिला प्रमुख म्हणून १८७६ मध्ये आणला तो कॅप्टन कॅम्पबेल वॉकर, मद्रास इलाख्याच्या वनखात्यातला. पण वर्षभरातच पैसा आणि पाठिंबा दोन्ही आटले.)

अनुजा_वाइकातो

इतका वेळ वाचतेय आणि एक गोष्ट खटकतेय. वर सगळीकडे ‘सरकारी जमीन’ असा शब्द येतोय. ती सरकारची झाली कशी?

उत्तर बेटात बरीचशी जमीन माओरींची होती. १८६० च्या दशकातल्या युद्धांनंतर लाखो एकर जप्त झाली. व्होगेलच्या योजनेतच माओरी जमीन विकत घेण्यासाठी पैसा बाजूला काढलेला होता आणि उत्तर बेटातल्या रस्त्यांमागे लष्करी हेतू उघड होता: पलटण हलवता येईल असा रस्ता.

उत्तर बेटातल्या तारानाकी भागातल्या पारिहाका या माओरी गावाची गोष्ट अंदाजपत्रकाच्या बाजूने कुणी सांगत नाही म्हणून सांगते. १८७० च्या दशकाच्या शेवटी तिजोरी आटली, तेव्हा वाइमाते मैदानातली जप्त जमीन विकून येणाऱ्या रकमेवर सरकारची भिस्त होती. मोजणीदार आले. ‘ते व्हिटी ओ रोंगोमाई’ आणि ‘तोहू काकाही’ या पारिहाकाच्या दोन धुरीणांच्या लोकांनी शस्त्र न उचलता मोजणी केलेल्या जमिनीत नांगर घातले. शेकडो जण पकडले गेले. पुढच्या वर्षी सरकारने रस्ता थेट त्यांच्या उभ्या पिकातून काढला, कुंपणं तोडून. माओरी येत आणि कुंपण परत घालत. पोलीस पकडून नेत, दुसरे येऊन घालत. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र माणसं गावात शिरली. समोर रस्त्यात लहान मुलं गाणी म्हणत उभी होती. गाव मोडलं, दोन्ही धुरिणांना खटला न चालवता डांबलं. सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०१७ मध्ये.

अंदाजपत्रकात ‘जमीन विक्रीपासून अपेक्षित उत्पन्न’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत पारिहाका होतं. कर्ज जमिनीच्या तारणावर घ्यायला हवं होतं, हे दक्षिणवाराचं म्हणणं हिशेब म्हणून बरोबर असेलही, पण जमीन जितकी जास्त हिशेबात, तितका ती ताब्यात घेण्याचा रेटा जास्त. या प्रश्नाचं उत्तर धाग्यात यायला हवं.

दक्षिणवारा

अनुजा, हा मुद्दा वर माझ्या मांडणीत नव्हता आणि तो मूळ मुद्द्याच्या गाभ्याला भिडतो. माझं उत्तर असं: सरकारने आणखी जमीन घ्यावी असं मी म्हणत नाही. जी जमीन आधीच वसाहतवाल्यांच्या खासगी मालकीत होती, कँटरबरी-ओटागोतले प्रचंड मेंढवाडे, तिच्या वाढलेल्या किमतीवर कर हवा होता. तो लागला नाही म्हणून सरकार नवी जमीन विकायला शोधत राहिलं. कराची टाळाटाळ आणि जप्त जमिनीची हाव, दोन्ही एकाच तिजोरीतून निघाल्या.

रूळमित्र

मुख्य मार्गाचं उत्तर बेटातलं काम का रखडलं, तेही यातच आलं. ऑकलंड-वेलिंग्टन मार्गाच्या मधोमध ‘किंग कंट्री’, तिथे माओरींच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. वाटाघाटी झाल्यावर १८८५ मध्ये वाहानुई या माओरी नेत्याच्या हातून पहिली माती उकरली गेली. मार्ग पुरा झाला १९०८ मध्ये.

कृष्णाकाठ

आपल्याकडची त्याच काळातली व्यवस्था शेजारी ठेवून बघावीशी वाटते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीशी १८४९ मध्ये करार झाला तो पाच टक्के हमीचा. कंपनीचे भागधारक लंडनचे, जमीन फुकट, आणि नफा पाच टक्क्यांपेक्षा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून. भोर घाट फोडताना खर्च किती झाला याची कंपनीला झळ नव्हती. न्यूझीलंडच्या संसदेत निदान भांडणारे लोक होते. आपल्याकडे महसूल भरणाऱ्याला विचारणारंच कुणी नव्हतं.

आणि ‘चहा-साखरेवरची जकात’ वाचून मिठावरचा कर आठवला. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचं अंदाजपत्रक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की ही शिलक म्हणजे गरज नसताना गरिबांकडून जास्त घेतलेला कर आहे. तेव्हा मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला. रेल्वे वाढवण्याच्या सरकारी घाईबद्दलही ते सतत बोलत राहिले: शिक्षण, पाटबंधारे, आरोग्य यांना मागे सारून रूळ कशासाठी? अंदाजपत्रक वाचायचं कसं हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी गोखल्यांची भाषणं वाचावीत, एवढं मी हात जोडून सांगतो.

कोकणकर_७३

कोकण रेल्वेची आठवण निघणारच. रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा असं भागभांडवल, आणि बाकी पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून. १९९० मध्ये महामंडळ झालं, १९९८ च्या जानेवारीत सगळा मार्ग सुरू. आमच्या पिढीने एसटीच्या रात्री भोगल्या आहेत, त्यामुळे त्या कर्जाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण व्याजाचं ओझं महामंडळाने बरीच वर्षं वाहिलं, आणि स्टेशनांच्या आसपास ज्यांनी आधी जमिनी घेऊन ठेवल्या त्यांनी काही वाहिलं नाही. दक्षिणवारा ताईंचं म्हणणं मला डोळ्यांसमोर दिसतं.

नगररचनाकार

कोकणकर, यावर कायद्यात उपाय जुना आहे. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा. योजनेमुळे भूखंडाची किंमत वाढली तर त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेता येतं. आजच्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ती तरतूद आहे. वापर मात्र तुरळक. त्याऐवजी मेट्रोसाठी मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत घरखरेदीवर एक टक्का अधिभार लागतो. तो देतो कोण? नवीन घर घेणारा. मेट्रो जाहीर व्हायच्या आधीपासून जमीन धरून बसलेला नाही. व्होगेलच्या जकातीसारखंच झालं: भार चुकीच्या खांद्यावर.

घाटमाथा

दक्षिणवारा, एक शंका. वाढीव किमतीवर कर न्यूझीलंडमध्ये कधीच लागला नाही का? व्होगेलच्या काळात नाही, पण नंतर?

दक्षिणवारा

लागला, आणि ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८७८ मध्ये जॉर्ज ग्रेच्या सरकारात जॉन बॅलन्स खजिनदार होता. त्याने जमिनीवर पौंडाला अर्धा पेनी कर बसवला, तोही मालकाने केलेल्या सुधारणा वगळून फक्त मूळ जमिनीच्या किमतीवर. पुढच्याच वर्षी सरकार पडलं आणि नव्या सरकारने तो काढून सरसकट मालमत्ता कर आणला, ज्यात शेतकऱ्याचं कुंपण आणि दुकानदाराचा मालही धरला गेला. बारा वर्षांनी तोच बॅलन्स पंतप्रधान झाला आणि १८९१ मध्ये त्याने मालमत्ता कर रद्द करून जमीन आणि उत्पन्नावर कर लावला. मोठ्या जमिनीला चढता दर.

त्या व्यवस्थेत एक कलम होतं. सरकारी मूल्यांकन जास्त वाटलं तर मालकाने सरकारला सांगायचं: माझ्या आकड्यावर कर घ्या, नाहीतर माझ्या आकड्याला जमीन विकत घ्या. कँटरबरीच्या उत्तरेला चेविअट नावाची जागीर होती, ८४ हजार एकरांहून मोठी. तिच्या विश्वस्तांनी मूल्यांकनावर हरकत घेतली आणि हे कलम पुढे केलं. सरकार माघार घेईल असा त्यांचा होरा असावा. जमीनमंत्री जॉन मॅकेंझीने १८९३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार पौंड मोजून सगळी जागीर घेतली, रस्ते आखले, आणि तिचे तुकडे करून लहान शेतकऱ्यांना दिली. एका कुटुंबाच्या मेंढवाड्यावर शेकडो माणसं वसली.

अनुजा, तुझा प्रश्न इथेही उरतोच. त्याच मॅकेंझीने उत्तर बेटात माओरींकडून पडत्या किमतीत प्रचंड जमीन घेतली. त्यावर तू स्वतंत्र धागा काढावास असं मला वाटतं, इथे चार ओळींत ते बसणार नाही.

अनुजा_वाइकातो

काढते. किंग कंट्रीच्या रेल्वे वाटाघाटींपासून सुरुवात करेन, कारण वाहानुईने आणि इतरांनी रेल्वेला संमती देताना घातलेल्या अटी आणि पुढे त्यांचं झालेलं पालन, हे दोन्ही समोरासमोर ठेवता येईल.